तळ्यावर दोन रात्री, आणि हिरवं आभाळ

रात्रीच्या फोटोंसाठी फुजीची वेल्व्हिया ५० ही स्लाइड फिल्म घेऊन डोंगर चढू नका. मी चढलो. पाठीवर ट्रायपॉड, सहा तासांची चढण, आणि पदरात काय पडलं? शेवाळी रंगाचं, काळपट आभाळ.

चढण छान झाली, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. सगळा घोळ झाला सूर्य बुडाल्यावर. एफ/१६ला, म्हणजे लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) बरंच बारीक ठेवून, उजेड मोजणारा मीटर म्हणाला ३२ सेकंद. निघण्यापूर्वी एका जाणकाराने ठणकावून सांगितलं होतं, 'लांब एक्स्पोजर असेल तर वेळ दुप्पट कर, झालं.' केला. ६४ सेकंद. पाच फ्रेम, पाचही वाया.

फुजीचा लांब एक्स्पोजरचा तक्ता मी घरी येऊन वाचला, हा माझा गाढवपणा. ३२ सेकंदांना एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड, आणि हिरवेपणा कापणारा १२.५एम मॅजेंटा फिल्टर. ६४ सेकंद आणि त्यापुढे कंपनीच नको म्हणते. म्हणजे तो एक स्टॉप अ‍ॅपर्चरने द्यायचा होता, एफ/११ करून. वेळ वाढवून मी नेमका खड्ड्यात उतरलो. फिल्टरही थोडा उजेड खातो, तो वेगळा मोजा.

डिजिटलची सवय इथे घात करते. फिल्मच्या कणावर प्रकाश पडून सुटलेला चांदीचा एकटा अणू टिकत नाही. पुढचा फोटॉन वेळेत आला नाही तर झालेलं काम मोडतं. म्हणून मंद उजेडात फिल्म आळसावते. रंगीत फिल्ममध्ये असे तीन थर, आणि तिन्ही सारखे आळसावत नाहीत. रंग बिघडतो तो त्यामुळे, आणि नुसतं एक्स्पोजर वाढवून तो सुधारत नाही.

दुसऱ्या रात्री बॅगेतला प्रोव्हिया १००एफ या फुजीच्याच दुसऱ्या स्लाइड फिल्मचा एकुलता रोल काढला. १२८ सेकंदांपर्यंत काहीच दुरुस्ती नाही! दोन मिनिटं सरळ मोजली, आणि तळ्यातलं आभाळ निळंच आलं. लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड देणाऱ्या पेटीवर, ती स्लाइड ठेवली तेव्हा पाय दुखायचे थांबले.

निगेटिव्ह नेणार असाल तर पोर्ट्रा ४००बद्दल कोडॅक एका सेकंदापर्यंतचीच खात्री देते. पुढे मी हात सैल ठेवून एक-दोन स्टॉप जास्त देतो. निगेटिव्हला जास्त उजेड पचतो, कमी पचत नाही. रंग मात्र घरीच एक रोल खर्ची घालून तपासा.

शटर बॅटरीवर चालत असेल तर जादा बॅटरी खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. केबल रिलीज, म्हणजे कॅमेऱ्याला हात न लावता शटर दाबायची तार, लॉकवालीच हवी. मी पहिल्या रात्री अंगठ्याने दाबून धरली होती, चौथ्या फ्रेमला अंगठा थरथरला. दर एक्स्पोजरआधी लेन्सच्या काचेवर टॉर्च तिरपा मारून दव बघा. आणि रोलची पहिली फ्रेम भर उजेडात काढा, नाहीतर लॅबवाल्याला काळ्या फ्रेमांच्या कडा सापडत नाहीत आणि कात्री मधोमध चालते.