चिठ्ठी आहे का?

अँजिओप्लास्टीनंतर घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "रोज चाला, झेपेल तेवढं." झेपेल तेवढं म्हणजे किती, ते विचारायचं राहिलं. दादरच्या पुलावर मी निम्म्या पायऱ्यांत थांबायचो आणि मागून "काका, बाजूला व्हा की" यायचं. धाप लागतेय ती हृदयामुळे की नुसती पडून राहिल्याने, काही कळेना. भीतीनं बाहेर पडणंच कमी झालं.

मेलबर्नची बहीण म्हणाली, "दादा, एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्टला गाठ." म्हणजे आजारानंतर कोणता व्यायाम किती करायचा ते ठरवून देणारा. तिकडे त्याच्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय थेट जाता येतं. मात्र मेडिकेअरकडून, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्य विम्याकडून, पैसे परत हवे असतील तर आधी जीपीकडून (फॅमिली डॉक्टरकडून) जुनाट आजाराचा प्लॅन करून घ्यावा लागतो, आणि त्यावर वर्षाला पाचच भेटी, त्याही फिजिओ, डाएटिशियन सगळे धरून.

मला मुंबईत या नावाची पाटी एकाच ठिकाणी दिसली, तिथं मॅरेथॉनवाल्यांची गर्दी. शेवटी शेजारच्या काकूंची सून, ती स्वतः फिजिओ, म्हणाली, "हे काम आपल्याकडे एमपीटी, म्हणजे फिजिओथेरपीत मास्टर्स झालेले करतात. पण कार्डिओ-रेस्पिरेटरीवाले, हृदय-फुप्फुसांचे बघा, गुडघेवाल्यांकडे नका जाऊ."

परळला तशा मॅडम मिळाल्या. चिठ्ठी लागेल का, असं फोनवर विचारलं. "तपासायला नको. पण डिस्चार्ज कार्ड, टूडी एको आणि गोळ्यांची यादी आणा. ते बघितल्याशिवाय मी तुम्हाला सायकलवर बसवणार नाही."

पहिल्या दिवशी व्यायाम नाहीच. तीस मीटरच्या पॅसेजमध्ये दोन टोकांना दोन नारिंगी कोन, बोटाला ऑक्सिमीटर, मॅडमच्या हातात स्टॉपवॉच. सहा मिनिटं या कोनापासून त्या कोनापर्यंत, पळायचं नाही, दम लागला तर थांबायचं. मी 340 मीटर चाललो. मग त्यांनी एक तक्ता पुढे धरला: 6 पासून 20 पर्यंत आकडे, किती दमलात ते बोट ठेवून दाखवा. सहापासून का? तर आकड्याला दहानं गुणलं की साधारण नाडीचे ठोके येतात. पण माझ्यासारख्याला मेटोप्रोलॉल, ही नाडी मंद ठेवणारी गोळी, चालू असली की ठोके वाढतच नाहीत फारसे, म्हणून घड्याळापेक्षा या तक्त्यावर भरवसा. "तुमचा आकडा 11 ते 13. बोलता येईल, गाणं म्हणता येणार नाही, इतपत." झेपेल तेवढं म्हणजे किती, ते इतक्या दिवसांनी कोणीतरी आकड्यात सांगितलं.

घोळ झाला तो मेडिक्लेमचा. माझ्या पॉलिसीत घरी आल्यानंतर 60 दिवसांचा खर्च मिळतो, पण डॉक्टरांनी लिहून दिलेला. पहिल्या चार भेटींची बिलं परत आली. शेरा: प्रिस्क्रिप्शन जोडलेले नाही. हृदयतज्ज्ञांकडे दीड तास बसलो, त्यांनी पॅडवर दोन ओळी खरडल्या आणि तारीख अर्थातच त्या दिवशीची घातली. मागची तारीख घाला म्हणायला जीभ रेटली नाही. चार भेटींचे पैसे गेले, पुढचे मिळाले. हीच चिठ्ठी घरी सोडतानाच मागून घेतली असती तर! तेव्हा मात्र मी टॅक्सी कुठे उभी राहते ते शोधत होतो.

काल दादरचा पूल न थांबता चढलो. वर पोचल्यावर मनातल्या मनात तक्त्यावर बोट ठेवलं. चौदा. मॅडमना तेरा सांगणार आहे.