झपझप तीन, सावकाश तीन: मात्सुमोतोहून वसंतातली नोंद

मंडळी, बर्फ गेला आणि सुसुकी नदीकाठचा रस्ता पुन्हा चालण्याजोगा झाला. मात्सुमोतो म्हणजे जपानच्या नागानो प्रांतातलं शहर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर. हिवाळ्यात पहाटे पारा शून्याखाली असतो आणि निसरड्या फुटपाथवर वेगाने चालायचं म्हणजे हात-पाय मोडून घ्यायचे. त्यामुळे झपझप-सावकाश चालण्यातला झपझपचा वाटा थंडीभर इमारतीच्या जिन्यावर उरकला. जिना कंटाळवाणा खरा, पण पोटऱ्यांना त्याने चांगलंच कामाला लावलं. पहिल्याच दिवशी नदीकाठी आले तेव्हा नेहमीचा चढ धाप न लागता पार झाला.

नव्याने आलेल्यांसाठी पद्धत सांगून टाकते. तीन मिनिटं वेगात, तीन मिनिटं रमतगमत, अशा किमान पाच फेऱ्या, आठवड्यातून चार दिवस. ही आखणी इथल्याच शिन्शू विद्यापीठातल्या प्रा. हिरोशी नोसे आणि सहकाऱ्यांची. मात्सुमोतोतल्या मध्यमवयीन आणि ज्येष्ठ मंडळींना त्यांनी पाच महिने असं चालवलं, आणि २००७ मध्ये निष्कर्ष छापले. गुडघा सरळ करण्याची ताकद सरासरी १३ टक्क्यांनी वाढली, दुमडण्याची १७ टक्क्यांनी, रक्तदाबही उतरला. एकाच मध्यम गतीने दिवसाला आठ हजार पावलं चालणाऱ्या गटात एवढा फरक दिसला नाही. म्हणून ‘आज दहा हजार झाली’ असा फोटो कुणी टाकला की मी लाइक देते, पण मनातून विचारते, त्यातली दमवणारी किती? तो दहा हजारांचा आकडा तरी कुठून आला? १९६५ मध्ये जपानमध्ये विक्रीला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून. तोंडी लावायला बरा आहे, एवढंच.

वेग किती हवा? जमेल त्या कमालीच्या सत्तर टक्के, असं शास्त्र सांगतं. माझी खूण साधी आहे: सोबतच्या माणसाशी दोन शब्द बोलता यावेत, पण गाणं म्हणता येऊ नये. पाऊल नेहमीपेक्षा थोडं लांब टाकायचं, टाच आधी टेकवायची, कोपर दुमडून हात मागे न्यायचे. सलग अर्धा तास मिळत नसेल तर तुकडे केले तरी चालतात. आठवड्याची झपझप मिनिटं साठाच्या आसपास भरली म्हणजे झालं. झाल्यावर लगेच पेलाभर दूध, हाही नोसे यांचाच सल्ला. आमच्या आजीला हे ऐकून परमानंद झाला असता.

आता ताटाकडे. बाहेरच्या लोकांना जपानी दीर्घायुष्य म्हटलं की दक्षिणेकडची ओकिनावा बेटंच आठवतात. पण २०२०च्या आयुर्मानाच्या आकडेवारीत ओकिनावाचे पुरुष ४७ प्रीफेक्चरांत (म्हणजे प्रांतांत) ४३वे होते. नागानोचे दुसरे, आणि बायका चौथ्या. गंमत म्हणजे हेच नागानो एकेकाळी पक्षाघातासाठी बदनाम होतं. कारण उघड होतं. डोंगराळ मुलूख, लांबलचक थंडी, भाज्या टिकवायच्या तर मिठात घाला. नोझावाना नावाच्या हिरव्या पाल्याचं खारं लोणचं इथे चहासोबत खातात, भजी असावीत तसं! शेजारच्या आजी पहिल्यांदा बशी घेऊन आल्या तेव्हा मला वाटलं जेवायला बसायचंय.

ते बदललं कसं, हा भाग मला सगळ्यात आवडतो. १९४५ मध्ये, आजच्या सुझाका शहरात असलेल्या एका खेड्यात, गावातल्याच बायकांनी आरोग्यसेविकांच्या हाताखाली काम सुरू केलं. पुढे ही स्वयंसेविकांची पद्धत प्रीफेक्चरभर पसरली. दोन वर्षं एक बाई, मग पाळी दुसरीची. त्यामुळे शिकलेलं घराघरात मुरलं. या बायका मीठ मोजायचं यंत्र घेऊन दारोदार मिसो सूप (मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट) तपासत. सुनेच्या सुपात सासूने नव्हे, यंत्राने खोट काढली तर कोण भांडणार?

तसं छोटं यंत्र मीही घेतलंय, आणि खरा छंद आता तोच झालाय. साधारण मिसो सूप ०.८ ते १ टक्का मिठाचं असतं, म्हणजे वाटीला सव्वा-दीड ग्रॅम. जपानमध्ये बायकांसाठी दिवसाचं उद्दिष्ट साडेसहा ग्रॅमच्या आत आहे, पुरुषांसाठी साडेसात. देशाची सरासरी अजून दहाच्या घरात. तेव्हा इथलं सगळंच अन्न पथ्याचं, असा समज करून घेऊ नका.

माझा उपाय असा. रात्री एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम कोंबू, म्हणजे वाळवलेली समुद्री वनस्पती, आणि दोन सुके शिताके, म्हणजे जपानी मश्रूम, टाकून फ्रिजमध्ये ठेवते. सकाळी पाणी फिकट सोनेरी होतं. कोंबूवरची पांढरी भुकटी धुवायची नाही, पुसूनच घ्यायचा. पाणी उकळायच्या आत तो काढायचा, नाहीतर बुळबुळीत होतो. कोंबूतलं ग्लुटामेट आणि शिताकेतलं ग्वानिलेट ही चव वाढवणारी द्रव्यं एकत्र आली की चव दुपटीहून चढते, म्हणून मिसो कमी लागतो. वर बटाटा, गाजर, कोबी, नेगी (जपानी पातीचा कांदा) इतकं घालते की वाटीत रस्सा थोडाच मावतो. भाज्या जास्त, रस्सा कमी, म्हणजे मीठही कमी. सध्या ०.६ टक्क्यांवर आलेय आणि घरात अजून कुणी तक्रार केलेली नाही.

मग याच पाण्यात तुरीचं वरण केलं. हिंग-जिऱ्याची फोडणी दिल्यावर समुद्राचा वास अजिबात येत नाही, आणि मीठ नेहमीच्या निम्म्याने पुरलं. आमटीत मात्र जमलं नाही. गोडा मसाला आणि चिंच पुढे आली की कोंबू बिचारा दिसतच नाही.

जूनपासून पावसाळी दमट हवा सुरू होईल, तेव्हा फेऱ्या पहाटे साडेचारला हलवणार आहे; उजेड असतोच. पुण्या-नाशिकच्या कुणाकडे मीठ मोजायचं यंत्र असेल तर घरच्या आमटीचा आणि कढीचा आकडा टाका. पातळ करून, गाळून, कोमट असताना मोजा. तेलाचा तवंग असला की आकडा फसवतो.