गुण्या, पाणसळ आणि ओळंबा

रत्नागिरी जिल्ह्यातील एका बंदरगावात जांभ्या चिऱ्याच्या पडीक इमारतीची मोजणी करण्याचे काम माझ्याकडे आले होते. गावात तिला कोणी जुनी कचेरी म्हणत, कोणी भुताचा बंगला. कागदपत्र एकही हाती नव्हते आणि कौले उतरवण्यापूर्वी आराखडा पुरा करायचा होता.

मला पेच पडला तो चौथऱ्यांचा. एकाच दालनात पूर्वेला तीन पायऱ्यांचा चौथरा, पश्चिमेला दोन पायऱ्यांचा, दक्षिणेला एकाच पायरीचा आणि उत्तरेची बाजू मात्र मोकळी. कचेरीत न्यायासन एकच असते. म्हणून ‘नंतरची दुरुस्ती’ अशी नोंद करून मी पुढे सरकलो होतो. तेवढ्यात माझ्यासोबतच्या वृद्ध गवंडीकाकांनी दक्षिणेच्या चौथऱ्यावरचा सिमेंटचा गिलावा उकलला आणि आतल्या चुन्यात दोरीला लटकलेले वजन उठावात दिसले. “हा ओळंबा,” ते म्हणाले. पश्चिमेला पाणसळ, म्हणजे आडवी पातळी तपासायचे हत्यार, निघाली. पूर्वेच्या भिंतीला हात लावण्याआधीच ते म्हणाले, “साहेब, ओळंबा झाला, पाणसळ झाली, राहिला तो गुण्या.” आणि तिथे खरोखरच काटकोन तपासायचा गुण्या निघाला.

हे फ्रीमेसन नावाच्या बंधुसंघाचे लॉज, म्हणजे सभागृह, होते. त्यांच्या स्थानिक शाखेलाही लॉजच म्हणतात. मध्ययुगीन पाथरवटांची हत्यारे या बंधुसंघाने आपली चिन्हे म्हणून स्वीकारली. लॉजचा प्रमुख पूर्वेला बसतो आणि त्याचे चिन्ह गुण्या. पश्चिमेच्या पहिल्या सहायकाचे पाणसळ, दक्षिणेच्या दुसऱ्याचे ओळंबा. आणि आसनांच्या पायऱ्याही त्याच क्रमाने तीन, दोन, एक. लंडनमध्ये 1717 साली पहिले ग्रँड लॉज, म्हणजे अनेक लॉजची मध्यवर्ती संस्था, स्थापन झाले. मुंबईत 1843 साली डॉ. जेम्स बर्न्स यांनी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज काढून भारतीय सभासदांना दार उघडले. पारसी सुधारक माणेकजी कर्सेटजी त्याच्या आरंभीच्या सभासदांपैकी. भारताचे स्वतंत्र ग्रँड लॉज मात्र 1961 साली झाले. कोकणातल्या या दालनात कोण कोण बसत असेल, हा विचार त्यानंतर दिवसभर मनातून गेला नाही.

संध्याकाळी जमिनीवरचा कोबा एका कोपऱ्यात उचलला, तेव्हा खाली लॉजची ओळख असलेली काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी होती. मी आराखड्यातली ‘नंतरची दुरुस्ती’ ही नोंद खोडून प्रत्येक चौथऱ्यापुढे त्याच्या हत्याराचे नाव लिहिले. उरलेला गिलावा यंत्राने न काढता काकांनीच हाताने काढावा आणि नवा गिलावा चुन्याचाच असावा, अशी अट त्याच रात्री अहवालात घातली.