पंधरा दिवसांत लिहायचा अहवाल

गुन्हेगारीशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाला मी गेली अकरा वर्षे शिकवते आहे आणि प्रवेशाच्या वेळी पालक जो प्रश्न विचारतात तो इतक्या वर्षांत बदललेला नाही: “हे शिकून मुलगी नेमकी काय होणार?” बहुतेकांच्या मनात प्रयोगशाळा असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यात, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद असल्याने ही समजूत अधिकच पक्की झाली आहे. परंतु रसायनशास्त्र वा जीवशास्त्र न शिकलेल्या आमच्या विद्यार्थ्यांचा मार्ग तो नाही. ते परिवीक्षा अधिकारी, म्हणजे आरोपी वा दोषी व्यक्तीची पार्श्वभूमी तपासून तिच्यावर देखरेख ठेवणारे अधिकारी, होतात, जिल्हा बालसंरक्षण कक्षात समुपदेशक होतात, कारागृहांत आणि न्यायालयांत काम करणाऱ्या संस्थांमध्ये जातात.

या सगळ्या कामांसाठी आधी अहवाल लिहिता यावा लागतो, आणि नेमके तेच आम्ही फार कमी शिकवतो.

बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे विधिसंघर्षग्रस्त बालकाला, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाला, बाल न्याय मंडळापुढे प्रथम हजर केल्यापासून पंधरा दिवसांच्या आत परिवीक्षा अधिकाऱ्याने सामाजिक तपासणी अहवाल द्यावा, अशी अपेक्षा आहे. मूल घरी जाईल की निरीक्षणगृहात राहील, हे ठरवताना मंडळाला त्या मुलाचे घर दिसते ते बहुधा या कागदातूनच. काही वर्षांपूर्वी क्षेत्रकार्यात एका विद्यार्थिनीने सरावासाठी लिहिलेल्या पहिल्या अहवालात “कुटुंब आर्थिकदृष्ट्या दुर्बल असून बालकावर वाईट संगतीचा परिणाम झाला आहे” असे वाक्य होते. हे वाक्य कोणत्याही मुलाबद्दल लिहिता आले असते. दुपारी घरी कोण असते, शाळा कोणत्या इयत्तेत आणि कोणत्या कारणाने सुटली, हे विचारून ये, असे सांगून मी तिला परत पाठवले. आई रात्रपाळी करून आल्यावर दिवसा झोपत असे आणि धाकट्या भावाला सांभाळण्यासाठी मुलाने आठवीतच शाळा सोडली होती. दुसऱ्या अहवालात हे आले, शिवाय धाकट्याला अंगणवाडीत ठेवून मोठ्याला पुन्हा शाळेत कसे घालता येईल, याची तिने केलेली चौकशीही आली. सिद्धान्त तिला आधीही येत होते. प्रश्न विचारणे आणि उत्तर मिळेपर्यंत शांत बसणे तिला नव्याने शिकावे लागले.

दुसरी अडचण भाषेची आहे. पुस्तके इंग्रजीत आणि काम मराठीत. गुन्हेगारी वर्तन संगतीतून शिकले जाते हा सदरलँडचा सिद्धान्त तोंडपाठ असलेला विद्यार्थी “यातील फिर्यादी”, “नमूद इसम”, “सदर गुन्ह्याचे कामी” अशा वाक्यांनी भरलेली प्रथम खबर (एफआयआर) आणि पंचनामा वाचताना अडखळतो, आणि त्याचा आत्मविश्वास तिथेच खचतो. यात त्याचा दोष नाही. ती भाषा आम्ही वर्गात कधी आणलीच नव्हती. आता मी नावे झाकलेली कागदपत्रे दर आठवड्याला मोठ्याने वाचून घेते.

तसाच एक सराव आकडेमोडीचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कधीही कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने संबंधित गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश इतका काळ तुरुंगात काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडण्याची तरतूद आहे. मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि ज्याच्यावर एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत अशा कैद्याला ती लागू नाही. मी काल्पनिक कैद्यांची यादी देते आणि कोण पात्र ठरतो ते तारखांसह लिहायला सांगते. अनेकजण अटकेची तारीख आणि गुन्ह्याची तारीख यांची गल्लत करतात. प्रत्यक्ष कामात ही चूक एखाद्या माणसाला काही महिने अधिक आत ठेवू शकते, म्हणून या सरावात अर्धवट बरोबर उत्तराला मी अर्धे गुण देत नाही.

बायोडाटा आणि मुलाखतीची कार्यशाळा विद्यापीठाचा रोजगार कक्ष घेतो, ती उपयुक्तही असते. या वर्षी मात्र मी विद्यार्थ्यांना तिथे जाताना स्वतः लिहिलेला आणि नावे झाकलेला एक अहवाल सोबत न्यायला सांगितले आहे.