आत्या, आहुपे आणि तीन काठ्यांचं स्टूल

"जंगलात यायची माझी तयारी आहे, पण मला खाली बसवू नका." आत्याची एवढीच अट होती. वय 63, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. चालायला ती आमच्यापेक्षा खमकी, पण मांडी घालून बसली की उठवायला दोन माणसं लागतात. त्यामुळे डिसेंबरअखेर भीमाशंकरच्या जंगलाला लागून असलेल्या आहुपे गावी दोन रात्री राहायचं ठरलं, तेव्हा तंबू आणि शिध्यापेक्षा जास्त काथ्याकूट झाला तो बसायचं कशावर याचा.

एरवी ट्रेकला आपण याचा विचारच करत नाही. दगड दिसला की टेकतो, उठतो, चालायला लागतो. एका जागी मुक्काम असला की गणित बदलतं. हिवाळ्यात सहाला अंधार पडतो आणि झोपायला दहा वाजतात. मधले चार तास माणूस बसूनच असतो. जमीन गार, त्यात दव. कॅरीमॅटवर (गुंडाळून न्यायची फोमची चटई) पाय दुमडून दोन तास काढले की पाठ बोलायला लागते, हे माझ्यासारख्या चाळिशीतल्या माणसालाही कळतं.

घडीची ॲल्युमिनियमची खुर्ची विकत मिळते, वजन किलोभर. आमच्या मित्राकडे आहे, ती त्याने आणलीही होती. तिची गंमत पुढे येईलच.

परदेशी व्हिडिओंमध्ये माणूस कुऱ्हाड घेऊन झाडीत शिरतो आणि तासाभरात बाक बनवून त्यावर कॉफी पितो. आहुप्याला तो नाद करू नका. शेकरूंसाठी, म्हणजे झाडावरच्या मोठ्या खारींसाठी, 1985 मध्ये घोषित झालेलं भीमाशंकर अभयारण्य इथलंच. तिथे फांदी तोडणं हा गुन्हा आहे. शिवाय गावाला लागून देवराई, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं जंगल आहे. तिथली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, हा गावाचा नियम कायद्याच्या कितीतरी आधीचा. म्हणजे बसायला जे काही लागेल ते पुण्याहूनच न्यायचं, आणि पाठीवर जाणवणार नाही इतकं हलकं.

तीन पायांचं स्टूल करायचं ठरलं. खडबडीत जमिनीवर चार पायांतला एक कायम हवेत राहतो. तीन पाय कसेही ठेवले तरी टेकतातच, त्यामुळे डुगडुगायचा प्रश्न नाही. बुरूड आळीतून भरीव बांबूच्या तीन काठ्या आणल्या, साधारण अडीच सेंटिमीटर जाडीच्या. काठी निवडताना पेरं बघा. कापल्यावर दोन्ही टोकांजवळ पेराची गाठ आली पाहिजे, नाहीतर टोक उभं चिरतं. लांबी 65 सेंटिमीटर ठेवली. तुमचे गुडघे धड असतील तर 55 पुरे. आम्हाला घरच्या खुर्चीइतकी उंची हवी होती, कारण दुखऱ्या गुडघ्यांना बसण्यापेक्षा उठणं जड जातं.

पहिल्या प्रयत्नात मी शहाणपणा केला. तिन्ही काठ्यांना मधोमध भोक पाडून लांब बोल्ट घातला. दिसायला झकास. मेहुणा (85 किलो) बसला आणि भोकापासून काठी वरपर्यंत चिरली. बांबूचे धागे उभे असतात. भोक पाडलं की आपणच त्याला फाटायची जागा दाखवून देतो. दुसऱ्या वेळी भोक नाहीच. सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन सेंटिमीटर रुंदीची, मीटरभर लांब पट्टी कापली, तिन्ही काठ्या शेजारी शेजारी ठेवून मधोमध ती एकीच्या वरून, दुसरीच्या खालून अशी नागमोडी पाच-सहा वेळा ओवली, आणि शेवटी काठ्यांच्या मधल्या फटींतून दोन आडवे वेढे घेऊन गाठ मारली. रबर बांबूला धरून ठेवतं, दोरीसारखं घसरत नाही. फक्त फार आवळू नका, नाहीतर काठ्या उघडणारच नाहीत. उघडताना तिन्ही काठ्या एकाच दिशेला पिळायच्या. पहिल्यांदा हातात गुंता होतो, दोनदा केलं की जमतं.

खरं काम बैठकीच्या कापडाचं आहे. वजन पडलं की काठ्यांची वरची टोकं बाहेर पळायला बघतात, त्यांना धरून ठेवतं ते हे कापड. म्हणून सगळा ताण तीन कोपऱ्यांवर येतो आणि फाटतं तेही तिथेच. जुन्या जीन्सचं कापड दुहेरी घेऊन 36 सेंटिमीटर बाजूचा त्रिकोण केला आणि प्रत्येक कोपऱ्याला काठीचं टोक शिरेल असा खिसा. घरच्या मशिनवर जाड थर शिवताना सुई मोडली. मग कोपऱ्यावरच्या मोचीकाकांकडे गेलो. त्यांनी काही न विचारता खिशांवर चामड्याचे तुकडे लावून मेण लावलेल्या दोऱ्याने दुहेरी टाके घातले. तेवढे पैसे त्यांना द्याच. खाली काठ्यांना म्हाताऱ्यांच्या काठीला असतात तसली रबरी बुचं बसवली. सगळं मिळून वजन साधारण 800 ग्रॅम. गुंडाळी सॅकच्या बाजूच्या खिशात उभी राहते.

रस्ता सांगतो. पुणे-नाशिक महामार्गाने मंचर, तिथून डावीकडे घोडेगाव, पुढे डिंभे धरण. धरणानंतर रस्ता बराच वेळ पाण्याच्या कडेकडेने वळणं घेत जातो आणि आत्या दर वळणाला "थांबव जरा" म्हणते. एसटीने जाणार असाल तर घोडेगाव स्टँडवर परतीच्या गाडीची वेळ विचारूनच बसा. किराणा, औषधं, बॅटरी सगळं घोडेगावातच घ्या.

आहुपे घाटमाथ्याच्या अगदी काठावर आहे. घोड नदी याच भागात उगम पावते, आणि गावाच्या पश्चिमेला जमीन संपते: खाली कोकण, समोर गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके. जंगलात तंबू न ठोकता गावातल्या एका घरी विचारून त्यांच्या भातखाचरात ठोकला. हेच करा. पाणी, शौचालय, भाकरी यांची सोय होते आणि चार पैसे घरात जातात.

खाचर म्हटलं की सपाट मऊ जागा डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात भात कापल्यावर उरलेली धसकटं इतकी टोकदार असतात की तंबूच्या तळालाही भीती. मित्राची विकतची खुर्ची इथे पहिल्याच संध्याकाळी हरली. तिचे पाय बारीक, बांधाजवळची माती ओलसर. तो ऐटीत बसला आणि हळूहळू एका बाजूने जमिनीत गेला. आमच्या स्टुलाचे पायही थोडे रुतलेच, पण प्रत्येकाखाली दगडाची चपटी चीप सरकवल्यावर थांबले. चिपा उचलताना मात्र आधी बुटाने उलटवा, मग हात लावा. दगडाखाली विंचू असतो, फुरसं हा विषारी सापही असू शकतो.

जीन्सचं कापड निवडल्याचा पस्तावा दुसऱ्या दिवशी झाला. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं आणि त्याची कुसळं खरखरीत कापडात रुततात. मोज्यांतली काढता येतात, बैठकीतली नको तिथे टोचतात. पुढचं स्टूल गुळगुळीत, घट्ट विणीच्या कॅनव्हासचं करणार. नायलॉन हलकं असतं हे खरं, पण चुलीजवळ बसायचं असेल तर एक ठिणगी पुरते. त्याच सुमारास खाजकुइलीच्या शेंगाही पिकलेल्या असतात. मखमली दिसतात, हात लावू नका, आणि त्या वेलाखाली बसायचं तर अजिबातच नाही.

सकाळी सातला देवराईत गेलो. आत गेल्यावर थंडी एकदम वाढते, आवाज खाली बसतो. शेकरू बघायचं असेल तर फिरून उपयोग नाही, एका जागी गप्प बसावं लागतं. दरवेळी इथेच आमची माती होते. दहा मिनिटांत कोणीतरी पाय मोकळे करायला उठतं. आत्या स्टुलावर तासभर हलली नाही. आम्ही बाकीचे जुन्या कॅरीमॅटच्या 30 बाय 35 सेंटिमीटरच्या तुकड्यांवर बसलो. असा एक तुकडा 50 ग्रॅमच्या आत येतो, सॅकच्या पाठीकडे सरकवून ठेवला की दिसतही नाही. ज्याचे गुडघे शाबूत आहेत त्याने फक्त एवढंच न्यावं. शेकरू पहिल्यांदा आत्यालाच दिसलं. तिने बोट केलं, आम्ही मान वर करेपर्यंत त्याने पुढच्या झाडावर उडी घेतली होती, नुसती शेपूट दिसली.

तिथून कड्यावर गेलो आणि स्टुलाची खोड कळली. कातळावर बारीक खडी पसरलेली होती. रबरी बुचं असूनही एक पाय सरकला आणि आत्या कलली. मेहुण्याने धरलं म्हणून निभावलं. कड्यापासून आम्ही लांब होतो, तरी मला घाम फुटला. तिपाईचे पाय नेहमी बाहेर सरकायला बघतात. कातळावर तिच्यावर भरवसा ठेवू नका आणि कड्याच्या जवळपास तर ती उघडूच नका. आणखी एक: त्रिकोणाचं एक टोक पुढे, दोन मांड्यांच्या मध्ये घ्या. उलटं बसलं की काठीचं टोक पाठीच्या कण्याला लागतं.

सुती साडीची झोळीही करून पाहिली, घराशेजारच्या आंब्याला, मालकांना विचारून. जमिनीपासून दोन फुटांवर बांधली, माझी बायको बसली आणि साडी ताणत ताणत शेवटी तिला जमिनीवर ठेवून मोकळी झाली. बांधायचीच असेल तर रिकामी झोळी कमरेइतकी उंच ठेवा. फांदीभोवती गोणपाट गुंडाळा, साल सोलवटत नाही.

आणि एवढा सगळा उपद्व्याप करून झाल्यावर ज्यांच्या खाचरात उतरलो होतो त्या घरच्या मावशींनी आम्हाला चीत केलं. दुसऱ्या संध्याकाळी आमचं चाललेलं बघून त्या म्हणाल्या, "आवो ताई, गोणीत पेंढा भरा आन् बसा की." झोडणी उरकलेली, गोठ्याशेजारी पेंढा रचलेला. त्यांनी खताच्या रिकाम्या दोन गोण्या स्वच्छ धुऊन ठेवलेल्या होत्या, त्या गच्च भरून सुतळीने तोंड शिवलं. एक आडवी टाकली, दुसरी भिंतीला उभी. पाठीला टेकू मिळाला, खालून ऊब आली, आणि धसकटं विसरलो. आमच्या हातून पहिली गोणी सैल भरली गेली, ती बसताक्षणी पोळीसारखी झाली. गुडघ्याने दाबत दाबत भरावा लागतो. भरण्याआधी पेंढा झटकून घ्या. रात्री गोणी बाहेर ठेवू नका, दवाने पेंढा कुबट होतो.

रिकामी गोणी पाठीवर न्यायला काहीच नाही. पण हे सुगीनंतरच जमतं, साधारण डिसेंबर-जानेवारीत, आणि मागितल्याशिवाय घेऊ नका. पेंढा हा त्यांच्या गुरांचा वर्षभराचा चारा आहे. निघताना आम्ही दोन्ही गोण्या गोठ्यात रिकाम्या केल्या. बैलाने दोनदा हुंगलं आणि खायला सुरुवात केली.

स्टूल आत्याने स्वतःकडे ठेवून घेतलं आहे. कुसळं काढायला चिमटा घेऊन अजून बसते.