तुम्ही विचारलंत म्हणून: ऑटोमॅटिक गाडी न्यूट्रलमध्ये टाकून ओढली तर काय बिघडतं?

आमचं मोटरहोम, म्हणजे आमचं चाकांवरचं घर, कुठेही थांबलं की त्याच्यामागे जोडलेली जुनी गाडी बघायला कुणीतरी येतंच. आधी एक फेरी मारून होते, मग खिडकीतून गिअरचा दांडा बघितला जातो आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "ही तर ऑटोमॅटिक दिसते. मग ओढता कशी? न्यूट्रलमध्ये टाकली की झालं ना?" विचारणाऱ्याकडे अशीच एखादी जुनी ऑटोमॅटिक पडून आहे, हे मला एव्हाना न सांगता कळतं.

नाही, तेवढ्याने होत नाही. मला हे ठामपणे सांगता येतं, कारण आमचा पहिला गिअरबॉक्स मी असाच जाळला. न्यूट्रल म्हणजे गाडी मोकळी, अशी माझी समजूत होती. दिवसभर मजेत ओढत नेली. संध्याकाळी सोडवून सुरू केली, डी (ड्राइव्ह) मध्ये टाकली, तर दोन-तीन सेकंद काहीच नाही आणि मग एक धक्का. तेलाची काडी काढली तर लाल तेल तपकिरी झालेलं आणि त्याला करपलेला वास. खालचं पॅन उघडलं तेव्हा तळाशी क्लचचा काळा गाळ होता, आणि त्यात चकाकणारा धातूचा चुरा.

कारण साधं आहे, पण ते गाडीच्या पुस्तकात कुणी समजावून सांगत नाही. बहुतेक मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये तेल तळाला साठलेलं असतं आणि फिरणारे गिअर ते आपोआप वर उडवतात. ऑटोमॅटिकमध्ये तेल फिरवायला पंप असतो. तो पंप टॉर्क कन्व्हर्टरवर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागावर) चालतो आणि टॉर्क कन्व्हर्टर इंजिनवर. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. चाकं मात्र फिरतच असतात, ती प्रोपेलर शाफ्टला (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या लांब नळीला) फिरवतात आणि शाफ्ट गिअरबॉक्सच्या मागच्या भागाला. न्यूट्रलमुळे इंजिनाशी असलेला संबंध तुटतो, चाकांशी असलेला तुटत नाही. किती फिरतं याचा हिशेब करून बघा. चाकाचा घेर साधारण 2 मीटर धरला तर ताशी 80 किलोमीटरला चाक मिनिटाला साडेसहाशेहून जास्त फेरे घेतं. मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर 3.5 असेल, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे साडेतीन, तर शाफ्ट मिनिटाला 2,300 फेऱ्यांच्या पुढे. एवढ्या वेगाने तासन्‌तास बुश, बेअरिंग आणि गिअर फिरतात, तेही कोरडे.

इथे एखादे वयस्कर गृहस्थ हमखास म्हणतात, "पण आम्ही तर ऑटोमॅटिक गाडी धक्का मारूनसुद्धा सुरू करायचो." ते खोटं बोलत नाहीत. पूर्वीच्या बऱ्याच ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये मागच्या बाजूला आणखी एक पंप असायचा आणि तो चाकांकडून येणाऱ्या शाफ्टवर चालायचा. 1960 च्या दशकात बहुतेक कंपन्यांनी तो काढून टाकला. आपली जुनी गाडी सहसा त्यानंतरची असते.

गाडीच्या पुस्तकात "न्यूट्रलमध्ये ओढता येईल" असं लिहिलंय, हा दुसरा आधार लोक देतात. ते वाक्य शेवटपर्यंत वाचा. पुढे वेगाची आणि अंतराची मर्यादा असते, अनेकदा ताशी 50 किलोमीटर आणि 50 किलोमीटर अंतर, कधी त्याहूनही कमी. बंद पडलेली गाडी टोचन करून गॅरेजपर्यंत न्यायची ती मुभा आहे, सहलीची नव्हे. तेल थोडं जास्त भरून ठेवायचं, हा उपाय सांगणारेही भेटतात. जास्तीचं तेल फिरत्या भागांत घुसळून त्याचा फेस होतो, आणि फेसाने कसलंच वंगण होत नाही. इंजिन चालू ठेवून ओढायची कल्पना त्याहून धाडसी. पंप चालेल हे खरं, पण आत माणूस नसलेल्या गाडीत इंजिन तापलं तर काटा कोण बघणार?

आमची गाडी मागच्या चाकांवर चालणारी, आणि हे आमचं नशीबच. अशा गाडीचा प्रोपेलर शाफ्ट सोडवला की प्रश्न मिटतो. मागचं डिफरन्शिअल (शाफ्टची फिरकी दोन्ही चाकांना वाटणारा गिअरचा डबा) स्वतःच्या तेलात बुडालेलं असतं, ते खुशाल फिरू दे. पहिलं वर्ष मी प्रत्येक प्रवासाआधी सतरंजी टाकून गाडीखाली शिरत होते. शाफ्ट आणि डिफरन्शिअलच्या फ्लँजवर रंगाची एक आडवी रेघ मारायची, म्हणजे परत जोडताना जसाच्या तसा बसतो, नाहीतर गाडी थरथरते. चार बोल्ट काढले की शाफ्टच्या टोकाच्या सांध्यातल्या क्रॉसच्या टोप्यांना लगेच चिकटपट्टी गुंडाळायची. ती विसरलात तर टोपी निसटते आणि आतल्या बेअरिंगच्या सुया धुळीत शोधत बसावं लागतं. (मी बसले आहे. एक शेवटपर्यंत सापडली नाही.) शाफ्ट पूर्ण बाहेर ओढला तर गिअरबॉक्सच्या शेपटीतून तेल गळतं, तिथे बूच हवं. शाफ्ट तारेने खालीच टांगून ठेवणारे लोक मी पाहिलेत. ती तार हायवेवर तुटली तर काय, याचा विचार करून मी तो नेहमी काढून आतच ठेवला.

नंतर आम्ही शाफ्टमध्ये सुटा होणारा कपलर बसवून घेतला. शाफ्ट कापून आखूड करतात, मध्ये खाचांची सरकती बाही बसते आणि ड्रायव्हरजवळच्या दांड्याने, केबल ओढून, ती जोडता किंवा सोडवता येते. कापलेला शाफ्ट नव्याने बॅलन्स करून घ्यावाच लागतो. त्यात काटकसर करू नका.

पण शाफ्ट सुटला की एक गोष्ट बदलते आणि ती मला कुणीच सांगितली नव्हती. पी म्हणजे पार्क हे चाकांना धरत नाही, गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टला धरतं. मधला दुवाच काढल्यावर पार्कला काही अर्थ उरत नाही. मी शाफ्ट सोडवला, पार्कमध्ये आहे म्हणून निवांत उठले, आणि गाडी हळूच उताराकडे निघाली. नवऱ्याने दार उघडून हॅन्डब्रेक ओढला म्हणून वाचलो. तेव्हापासून खाली शिरण्याआधी दोन चाकांना अटकण, मग बाकी सगळं.

पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर सोडवायला प्रोपेलर शाफ्टच नसतो. त्यासाठी 12 व्होल्टचा विजेचा पंप मिळतो. तो गिअरबॉक्स कूलरच्या नळीत बसवतात, ओढताना तो तेल फिरवत राहतो, आणि दाब पडला की ओढणाऱ्या गाडीत दिवा लागतो. नव्याकोऱ्या गाडीत ठीक. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत, कडक झालेल्या नळ्यांवर आणि एका दिव्यावर मी गिअरबॉक्स सोपवणार नाही. तिला सरळ डॉलीवर, म्हणजे दोन चाकांच्या छोट्या ट्रेलरवर, चढवा, पुढची चाकं हवेत, मागची जमिनीवर. दिसायला बेढब, पण रात्री झोप लागते.

काही गाड्या मुळातच सुदैवी असतात. होंडाच्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअलसारखे समांतर शाफ्ट असतात, आणि 2014 पर्यंतच्या बऱ्याच सीआर-व्हींना कंपनीनेच चारही चाकांवर ओढायची परवानगी दिलेली होती. पण तिथेही इंजिन चालू करून आधी डी, मग एन, मग तीन मिनिटं तसंच चालू ठेवून बंद, असा विधी आहे आणि तो टाळून चालत नाही. फोर-व्हील ड्राइव्हच्या ज्या गाड्यांमध्ये ट्रान्स्फर केसला (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याला) स्वतःचं न्यूट्रल असतं, त्याही बऱ्याचदा ओढता येतात. तिथे ट्रान्स्फर केस न्यूट्रलमध्ये, आणि जीपसारख्या गाडीत गिअरबॉक्स चक्क पार्कमध्ये. म्हणजे गिअरबॉक्स फिरतच नाही.

सगळे गिअरबॉक्सचंच विचारतात. जुन्या गाडीत मला खरी धास्ती वाटते ती गंजाची. ओढायचा दांडा ज्या पट्टीला अडकतो ती पट्टी चासीला बोल्टने बसते, आणि तिथला पत्रा आतून खाल्लेला असेल तर बाकीची सगळी हुशारी वाया. स्क्रूड्रायव्हर घेऊन टोचून बघा. टोक आत गेलं तर आधी वेल्डिंग, मग दांड्याचा विचार. दांडा जवळजवळ सपाट हवा, आणि सुरक्षेच्या साखळ्या त्याच्याखाली एकमेकींना छेद देऊन.

ब्रेकचं थोडक्यात सांगते. इंजिन बंद असताना ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. म्हणून पेडल दाबणारं वेगळं यंत्र लागतं, आणि गाडी सुटलीच तर ब्रेक मारणारा स्विचही. नियम देशागणिक वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये अशी ओढलेली गाडी ट्रेलर धरतात आणि 750 किलोच्या वर ब्रेक सक्तीचे. स्टेअरिंगचं लॉक उघडं, नाहीतर वळणावर पुढची चाकं फरफटतात. दिव्यांच्या तारांमध्ये डायोड घाला, म्हणजे दोन गाड्यांचा करंट एकमेकांत घुसत नाही. आणि रिव्हर्स विसरा. मागे घ्यायला गेलात तर पुढची चाकं भलतीकडे वळतात आणि दांडा वाकतो. चुकीच्या गल्लीत शिरलो की मी खाली उतरून आधी गाडी सोडवते, मग भांडते.

निघाल्यावर चार-पाच किलोमीटरवर थांबायचं आणि मागच्या गाडीच्या चारही चाकांच्या मध्यावर हात जवळ नेऊन बघायचं. तीन कोमट आणि एक तापलेलं निघालं, तर हॅन्डब्रेक अडकलाय किंवा बेअरिंगमधलं ग्रीस संपलंय. आमच्याकडे ते बहुतेक वेळा डावीकडचं मागचं असतं.