डावं पान, उजवं पान

आठवीत शनिवारची शाळा सकाळची असायची. शेवटच्या तासाला आमचे वर्गशिक्षक शंभर पानी वही उघडायला लावत. डाव्या पानावर सरलेला आठवडा, उजव्या पानावर येणारा. ठरवलेलं झालं नसेल तर पुढे कारण लिहायचं. मी एकदा लिहिलं, 'प्रमेय पाठ झालं नाही, वेळ मिळाला नाही.' सरांनी खाली तांबड्या शाईत दोनच शब्द लिहिले, 'कोणी घेतला?'

बारावीनंतर मी निफाड तालुक्यातल्या आमच्या द्राक्षबागेत उतरलो. वही सुटली नाही. आज निर्यातीसाठी फवारणीची तारीखवार नोंद ठेवावीच लागते, माझ्या हाताला ती सवय शाळेतच लागली होती. द्राक्षात तिचं मोल फार आहे. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर घड दिसतात खरे, पण ते काडीत ठरतात एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, साधारण 40 ते 60 दिवसांत. तेव्हा काड्यांची दाटी झाली, काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे फुटव्याच्या कळ्यांना, ऊन मिळालं नाही, तर घडाच्या जागी बाळी, म्हणजे नुसता वेलीचा ताणा, निघते. मग कितीही खत-पाणी घाला, तो हंगाम हातचा गेलेला असतो.

एका वर्षी बागेत घड फार कमी आले. सगळे हवामानाला दोष देत होते, मीही दिला. रात्री मे महिन्याची पानं काढली. 'काड्यांची विरळणी दहा दिवस उशिरा. मजूर मिळाले नाहीत.' तांबडी शाई डोळ्यांसमोर आली. मजुरांना मी सांगावा धाडला होता तोच मुळी आठवडाभर उशिरा! तेव्हापासून त्यांना गुढीपाडव्यालाच सांगून ठेवतो.

पण त्या वहीने मला खरं हलवलं ते वेगळ्याच वेळी. आबा अंथरुणाला खिळले होते. हंगाम संपल्यावर मी पानं चाळत बसलो. डाऊनी-भुरी हे रोग, घड संजीवकात बुडवायचं डिपिंग, गाडी भरली, सगळं तारखेनिशी होतं. चार महिन्यांत आबांचं नाव फक्त औषधांच्या बिलापुढे होतं. वेळ कोणी घेतला, हे विचारायला सरांची गरज उरली नव्हती. त्याच शनिवारी उजव्या पानावर लिहिलं, 'रोज सात वाजता आबांजवळ. फोन माजघरात ठेवून.'

पहिले काही दिवस दोघांनाही काय बोलावं सुचेना. मग मी विहिरीचं विचारलं. कोणी खणली, दगड कुठे लागला, पैसे कुठून आणले, हे ते रोज थोडं थोडं सांगू लागले आणि मी डाव्या पानावर उतरवू लागलो. पुढे तेच म्हणायचे, "काल काय लिहिलंस ते वाच बरं." मी वाचायचो. ते डोळे मिटून ऐकत आणि मध्येच हात वर करत.

"पंचवीस नाही रे, पाणी सत्तावीस फुटांवर लागलं. खोड ते."